उपग्रहाचा हिशोब ठेवणारी बाई

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं हे भाषण. कामाच्या दिवसांमुळे ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांनी मागणी केली म्हणून इथे लिहून देत आहोत.)



आज अजेंड्यावर माझं नाव "मार्गदर्शन" म्हणून लिहिलंय. ते खोडा. माझी एक चूक झालीय, ती आधी सांगते. मग त्या चुकीच्या मागे लागून मला एका बाईची गोष्ट सापडली, ती सांगते. कर्जवसुली आणि लेखापरीक्षणाचं आपण चहानंतर घेऊ.

चूक अशी. आपल्याच एका पाड्यावरच्या ताईंचं घरकुल मंजूर झालं. जोतं बांधून झालं आणि फोटो काढायची वेळ आली. तुम्हाला माहीत आहे, आता घरकुलाचा प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाईलच्या ॲपमधून काढतात, आणि तो फोटो नेमका कुठे काढला ती जागा आपोआप त्यात नोंदली जाते. पाड्यावर रेंज नव्हती. म्हणून सगळे जण वर रस्त्याला आले, तिथे मोबाईलने जागा पकडली, मग खाली येऊन घाईत फोटो काढला. नोंद झाली ती रस्त्याची. पुढे कुठेतरी कागद तपासताना घर एकीकडे आणि फोटो दुसरीकडे असं दिसलं, आणि हप्ता अडकला. पावसाळा तोंडावर आलेला. विटा आणून ठेवलेल्या, गटातून घेतलेल्या कर्जाचं व्याज चालू.

ताईंनी मला विचारलं, "मॅडम, असं कसं झालं?" मी आत्मविश्वासाने सांगितलं, "रेंज नसेल तर लोकेशन चुकतंच."

त्यावर त्या म्हणाल्या, "मग रेंज देणारं आणि जागा सांगणारं एकच का? वरनं बघतंय तरी कोण?"

मी समाजकार्यात पदवी घेतलीय. गटाचं इतिवृत्त कसं लिहावं, सूक्ष्म पतपुरवठा आराखडा कसा करावा, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की मी दिलेलं उत्तर साफ चुकीचं होतं. रेंजचा आणि जागा कळण्याचा थेट संबंध नाही. रेंज नसलेल्या दरीतसुद्धा, वर मोकळं आकाश असलं की मोबाईलला आपली जागा कळते. तेव्हा त्या दिवशी जोत्यावरच उभं राहून दोन-तीन मिनिटं थांबलो असतो, तर काम झालं असतं.

आता "वरनं बघतंय कोण" याचं उत्तर. कोणी बघत नाही. ही पहिली गोष्ट नीट समजून घ्या, कारण यावरून आपल्याकडे फार भीती आहे. वर आकाशात, सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर, जीपीएसचे तीसेक उपग्रह पृथ्वीभोवती फिरतायत. अमेरिकेने सोडलेले आहेत. ते आपल्याला बघत नाहीत. ते आकाशवाणीसारखे फक्त बोलत असतात. प्रत्येक जण सारखं एवढंच सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तुमचा मोबाईल ते फक्त ऐकतो. ऐकून स्वतःच हिशोब करतो. तो हिशोब पुढे कोणाला पाठवायचा का नाही, ते मोबाईलमधलं ॲप ठरवतं. आणि पाठवायला मात्र रेंज लागते. माझा गोंधळ नेमका इथे झाला होता.

हिशोब कसा, तेही सांगते. आपल्याला तो वीज आणि गडगडाट यावरून ठाऊक आहे. वीज चमकली की आपण मोजतो, एक, दोन, तीन... आणि गडगडाट उशिरा आला की म्हणतो, लांब पडली. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. उपग्रहाचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर. एवढ्या लांबून यायला त्याला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. पण जो काही लागतो, त्यावरून मोबाईल अंतर काढतो.

एका अंतराने जागा कळत नाही. समजा मी म्हटलं, मी मारुतीच्या देवळापासून शंभर पावलांवर आहे. तुम्ही मला कुठे शोधाल? देवळाभोवती शंभर पावलांचं रिंगण होईल, त्यावर मी कुठेही असेन. मग मी म्हटलं, आणि शाळेपासून ऐंशी पावलांवर. आता दोनच जागा उरल्या. आणि विहिरीपासून साठ. संपलं, एकच जागा. उपग्रहांचं तसंच आहे, फक्त मोबाईलचं घड्याळ तितकं चोख नसतं म्हणून चौथा उपग्रहही लागतो. उपग्रहावरची घड्याळं मात्र भारी असतात. सेकंदाचे दहा लाख भाग केले आणि त्यातल्या एका भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणजे आपल्या जोत्यापासून पार पलीकडच्या पाड्यात.

आता यात एक गोम आहे. देऊळ, शाळा, विहीर हे सगळं जागच्या जागी उभं आहे. उपग्रह तर पळतोय. दिवसातून दोन फेऱ्या मारतो. तो स्वतः नेमका कुठे आहे हेच चुकलं, तर त्याच्यावरून मोजलेलं तुमचं घर बरोबर कुठून येणार? आणि तो कुठे असेल हे पृथ्वी त्याला कशी ओढते यावर ठरतं. पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही, कारण ती सारखी गोल नाही. कुठे फुगलेली, कुठे दबलेली. तिचा खरा आकार मोजून, तो आकड्यांत बसवून देणं, हे काम ज्या माणसांनी वर्षानुवर्षं केलं, त्यांत एक बाई होती. ग्लॅडिस वेस्ट.

तुम्ही नाव ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या देशानेही फार उशिरा ऐकलं.

ग्लॅडिसबाईंचा जन्म २७ ऑक्टोबर १९३० चा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या एका खेड्यात. १९३० हे साल नाशिकच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच वर्षी २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. आपल्या दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि बायाही सत्याग्रहाला बसल्या होत्या. देवळाचं दार कोणासाठी उघडं आणि कोणासाठी बंद, हा प्रश्न आपण इथे विचारत होतो, तेव्हा तिकडे समुद्रापलीकडे शाळेचं दार कोणासाठी कुठलं, हे कातडीच्या रंगावरून ठरत होतं. ग्लॅडिस कृष्णवर्णीय. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. बसायच्या जागा वेगळ्या, हॉटेलं वेगळी.

घरी छोटी शेती. मका, कापूस, तंबाखू. वडील रेल्वेतही काम करायचे, आई तंबाखूच्या कारखान्यात जायची. मुलगी शेतात राबायची. आपल्याकडे ज्यांनी तंबाखूच्या वखारीत किंवा विडीच्या कामात दिवस काढलेत, त्यांना तो वास कपड्यांतून जात नाही हे माहीत असेल. शाळा म्हणजे एकच खोली. त्यातच सगळ्या इयत्ता, आणि तिथे जायचं चालत, रानातून. तिच्या गावच्या बहुतेक मुलींपुढे दोनच वाटा होत्या: शेत किंवा कारखाना. तिने लहानपणीच मनाशी ठरवलं होतं की दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत शेतात राहायचं नाही. यात शेतीचा अपमान काही नाही. ज्याने केलीय त्यालाच असं वाटायचा हक्क आहे, नाही का?

तिला कळलं की शाळेतून पहिल्या दोन नंबरांत जो येईल, त्याला राज्याच्या कॉलेजात शिष्यवृत्ती मिळते. गाठीला पैसा नव्हता. मग राहिला तो नंबर. तो तिने पहिला काढला.

शिष्यवृत्तीत फी भागली, पण राहण्या-खाण्याचा खर्च होता. तो भागवायला ती एका शिक्षकांच्या घरी मुलं सांभाळायची. विषय काय घ्यावा? तिला सगळंच जमायचं. कुणीतरी सांगितलं, गणित घे, ते अवघड समजतात, त्यामुळे फार जण घेत नाहीत. तिने गणित घेतलं. १९५२ मध्ये पदवी मिळाली.

आणि मग ती शिक्षिका झाली. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण मोबाईलवर तिच्याबद्दल जे दोन ओळींचे निरोप फिरतात त्यात हे नसतं. व्हर्जिनियातल्या वेव्हर्ली नावाच्या गावात, काळ्या मुलांच्या शाळेत, दोन वर्षं तिने गणित आणि विज्ञान शिकवलं. पगारातून पैसे साठवले आणि परत कॉलेजात जाऊन १९५५ मध्ये पुढची पदवी घेतली. पैसे साठवून शिकणं. आपल्या वहीत "कर्जाचे कारण" या रकान्यात शेळी, शिलाई मशीन, आजारपण, लग्न एवढंच किती वर्षं लिहिलं जातंय ते आठवा. "माझं शिक्षण" असं मी अजून एकाही गटात लिहिलेलं पाहिलेलं नाही. असेल तर मला दाखवा, मी पेढे आणते.

१९५६ मध्ये तिला डाल्ग्रेन या ठिकाणी अमेरिकी नौदलाच्या केंद्रात नोकरी लागली. तिथे घेतलेली ती दुसरी कृष्णवर्णीय बाई. सगळ्या केंद्रात तिच्यासारखे काळे म्हणून कामाला होते ते चौघेच. त्यातलेच एक आयरा वेस्ट, तेही गणिती. १९५७ ला दोघांचं लग्न झालं. पुढे तीन मुलं. तेव्हा ती डाल्ग्रेनला ४२ वर्षं नोकरी करत होती, याचा अर्थ ४२ वर्षं घरही चालवत होती. हे कोणत्याच पुरस्काराच्या पत्रात लिहिलेलं नसतं.

तिथलं काम काय? आधी हाताने आकडेमोड, मग कॉम्प्युटर. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे अख्खी खोली भरून यंत्र. त्याला काय करायचं ते कागदी कार्डांना भोकं पाडून सांगायचं. एक भोक चुकलं की सगळा हिशोब चुकला. आपल्या सचिवताईंना हे बरोबर कळेल. एका सभासदाचे पन्नास रुपये एका ओळीत चुकले की बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ लागायला सगळी रात्र जाते. ग्लॅडिसबाई हे काम करण्यात पक्क्या होत्या. उत्तर आलं म्हणून त्यांना पुरायचं नाही, ते पटतंय का हे तपासून बघायच्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्लूटो आणि नेपच्यून या लांबच्या ग्रहांच्या फिरण्याचा एक मोठा हिशोब झाला, नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या दोन, हे त्यातून पक्कं झालं. त्या कामातही त्या होत्या.

बाहेर तेव्हा काळ्या लोकांच्या हक्कांची चळवळ पेटली होती. सरकारी नोकरीत असल्याने त्यांना मोर्च्यात जाता येत नव्हतं. कामाच्या दौऱ्यावर जायचं तर गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात राहता यायचं नाही. आपण काम चोख केलं तर आपल्याबद्दलचं मत बदलेल, असं त्यांनी धरलं. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही. चोख काम करूनही ज्यांची नावं सातबाऱ्यावर लागली नाहीत अशा शेकडो बाया मला या तालुक्यात माहीत आहेत. पण तो त्यांचा मार्ग होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत धरला.

आता त्यांचं मुख्य काम. पृथ्वी गोल आहे असं आपण शाळेत शिकलो. ती कांद्यासारखी आहे म्हटलं तर लासलगावच्या ताईंना लगेच समजेल, वर-खाली जरा चपटी, मध्ये फुगलेली. मधली त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७. म्हणजे २१ किलोमीटरचा फरक. पण तेवढंच असतं तर सोपं होतं. आत कुठे जड खडक, कुठे हलके, त्यामुळे ओढ कमी-जास्त. आणि त्या ओढीप्रमाणे समुद्राचं पाणीसुद्धा वर-खाली बसतं. लाटा-भरती सोडून द्या, शांत समुद्रसुद्धा सपाट नाही! सगळ्या जगात हा पृष्ठभाग सर्वांत खोल दबलेला कुठे आहे माहितीये? आपल्या भारताच्या दक्षिणेला, श्रीलंकेच्या खाली, हिंदी महासागरात. हिशोबाच्या पातळीपेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली. जहाज तिथून जातं तेव्हा खलाशाला काही कळत नाही, कारण उतार फार लांबवर पसरलेला आहे.

हे मोजायचं कसं? उपग्रहातून समुद्रावर रडारचा ठोका मारायचा, तो आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. पुन्हा तोच वीज-गडगडाटाचा हिशोब. १९७८ च्या जूनमध्ये सीसॅट नावाचा उपग्रह यासाठी सोडला, आणि त्याने पाठवलेल्या या मोजणीच्या कामाच्या प्रकल्पप्रमुख होत्या ग्लॅडिस वेस्ट. तो उपग्रह साडेतीन महिन्यांत बंद पडला. विजेचा बिघाड. पण तेवढ्यात जे आकडे आले, त्यावर वर्षानुवर्षं काम झालं. आकडे आले म्हणजे काम झालं असं नसतं. त्यातून भरती-ओहोटी वजा करायची, हवेतल्या बाष्पाने ठोक्याला झालेला उशीर वजा करायचा, उपग्रह स्वतः जरा वर-खाली झाला ते वजा करायचं. तांदूळ निवडण्यासारखं आहे. हा वेळ त्यांनी आणि त्यांच्या गटाने निम्म्यावर आणला, आणि १९७९ मध्ये त्यांच्या वरिष्ठांनी त्यांची शिफारस केली.

पुढे १९८५ ला जिओसॅट नावाचा उपग्रह गेला, आणि १९८६ मध्ये त्याच्या मोजणीतले आकडे कसे निवडायचे, तपासायचे, याची पद्धत सांगणारा अहवाल ग्लॅडिस वेस्ट यांच्या नावाने निघाला. १९८६. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं प्रचंड अधिवेशन झालं. इथे बसलेल्या दोन-तीन आज्जी बैलगाडीतून, ट्रकमधून त्याला गेल्या होत्या हे मला त्यांनीच सांगितलंय. बाईच्या कष्टाचा हिशोब कोणी ठेवत नाही, हे तिथे बोललं गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला फक्त दोन्ही एका वर्षातल्या आहेत हे बघून बरं वाटलं.

एक खुलासा करते. मोबाईलवर "जीपीएस या बाईने शोधलं" असं फिरतं. ते तसं नाही. जीपीएस शेकडो लोकांचं काम आहे. त्याचा पहिला उपग्रह १९७८ ला गेला, पूर्ण यंत्रणा १९९५ ला सुरू झाली, आणि ब्रॅडफर्ड पार्किन्सन, रॉजर ईस्टन अशी इतरही मोठी नावं त्यात आहेत. ग्लॅडिसबाईंचा वाटा पृथ्वीचा नेमका आकार ठरवण्यातला, ज्यावर उपग्रहांच्या वाटा आणि आपल्या जागा बसतात. आपण त्यांना मोठं करायला खोटं बोलायची गरज नाही. घराचं श्रेय सगळं स्लॅबला जातं, पण जोतं कोणी घातलं हेही लिहून ठेवायला पाहिजे, एवढंच.

१९९८ ला त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर पीएचडी करायची ठरवली होती. आणि काही महिन्यांतच झटका आला. आपण ज्याला अर्धांगवायूचा झटका म्हणतो तो. ऐकणं, बघणं, तोल, उजवी बाजू, सगळ्यावर परिणाम. यातून हळूहळू उठून, २००० साली, सत्तरीला टेकलेल्या असताना, त्यांनी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाची पीएचडी पूर्ण केली. हे मी सभेत सांगितलं तेव्हा मागून एक आज्जी म्हणाल्या, "आम्ही सही शिकलो साठीला, ते पण लिहा." लिहिलं आज्जी.

मग एवढ्या बाईचं नाव कोणाला का माहीत नव्हतं? नौदलाचं काम, सगळं बंद दाराआड. आणि त्या स्वतःहून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. नाव बाहेर कसं आलं तो भाग मला सगळ्यात आवडतो. कॉलेजात असल्यापासून त्या मैत्रिणींच्या एका संघटनेत होत्या. काळ्या, शिकलेल्या बायकांची जुनी संघटना. आपल्या गटांसारखीच, वयाने मोठ्या झाल्या तरी सभासद राहतात. त्यांच्या ज्येष्ठ सभासदांच्या एका कार्यक्रमासाठी प्रत्येकीने स्वतःबद्दल थोडं लिहून द्यायचं होतं. ग्लॅडिसबाईंनी चार ओळी लिहून दिल्या. त्यात डाल्ग्रेन आणि उपग्रह यांचा उल्लेख होता. ते वाचून एक मैत्रीण चक्रावली. एवढी वर्षं शेजारी बसतोय आणि आपल्याला पत्ताच नाही! तिने ते पुढे नेलं, वर्तमानपत्रात आलं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने अवकाश कामातल्या आद्य मानकऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. त्याच वर्षी बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीतही त्या आल्या. तेव्हा त्यांचं वय ८८ होतं.

आणि गंमत म्हणजे स्वतः कुठे जायचं असलं की त्या कागदी नकाशा बरा म्हणायच्या. मोबाईलचं ऐकायच्या, पण रस्ता आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायच्या.

आता आपल्या कामाचं बोलते.

जागेचे आकडे आता आपल्या रोजच्या जगण्यात आलेत. घरकुलाचा फोटो झाला. रोजगार हमीच्या कामावर हजेरीचे फोटो निघतात, त्यातही जागा असते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करायची आहे, शेतात उभं राहून. हे सगळं आपल्या घरात कोण करतं? मुलगा, दीर, नाहीतर गावातला कोणी पोरगा, शंभर रुपये घेऊन. शेतात आयुष्य काढलं बाईने आणि शेत कुठे आहे ते मोबाईलला सांगणार दुसराच.

म्हणून एवढं शिकून घ्या. फोटोखाली दोन आकडे येतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपण नाशिक जिल्ह्यातले. आपला पहिला आकडा १९ किंवा २० ने सुरू होणार आणि दुसरा ७३ किंवा ७४ ने. दुसरंच काही दिसलं की समजा, फोटो पार भलत्याच मुलखातला नोंदला गेलाय. पॉइंटनंतरचा तिसरा आकडा एकाने बदलला की साधारण शंभर मीटरचा फरक, पाचवा बदलला की एक मीटरचा. फोटो काढताना पत्र्याखाली, झाडाखाली उभं राहू नका, आकाश दिसलं पाहिजे. दरीत किंवा डोंगराच्या कुशीत जास्त वेळ थांबा. लोकेशन चालू करून दोन-तीन मिनिटं धीर धरा, मोबाईल किती मीटरपर्यंतची अचूकता दाखवतोय ते बघा, तो आकडा कमी झाला की मगच फोटो काढा. आणि फोटो काढणाऱ्याला म्हणा, मला आकडे दाखव. तो हसेल. हसू दे. आकडे आपल्या वहीत उतरवून घ्या, तारखेसकट.

भारताचीही स्वतःची यंत्रणा आहे बरं का. २०१३ पासून तिचे उपग्रह सोडले, नाव ठेवलंय नाविक. काही नवीन मोबाईल दोन्हींचं ऐकतात.

ज्या ताईंचं घरकुल अडकलं होतं, त्यांचं सांगायचं राहिलं. त्यांच्याबरोबर आम्ही पुन्हा अर्ज दिला, पुन्हा फोटो झाला. या वेळी त्या स्वतः जोत्याच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि "थांबा, अजून बारा मीटर दाखवतंय" म्हणून त्यांनीच सगळ्यांना थांबवलं. चार झाल्यावर हो म्हणाल्या. हप्ता सभेच्या दिवसापर्यंत आलेला नव्हता. कागद पुढे गेलेत, मी दर सोमवारी विचारतेय. पाऊस सुरू झाला तर विटा झाकायला ताडपत्री त्यांच्या गटाने दिली आहे.

त्यांची थोरली मुलगी यंदा दहावीला होती. गणितात ८१ मार्क. तिला अकरावीला सायन्स घ्यायचंय, पण सायन्सचं कॉलेज तालुक्याला, आणि परतीची एसटी साडेतीनला सुटते. प्रॅक्टिकल असलं की चुकणार. म्हणून घरात आर्ट्सचं ठरत होतं. अशा आपल्या प्रभागात या वर्षी आणखी किती मुली आहेत, हे मी विचारलं तेव्हा सभेतच सात हात वर आले.

संध्याकाळची एक फेरी वाढवून मिळावी म्हणून आगाराला द्यायच्या अर्जाचा मसुदा सचिवताईंकडे ठेवला आहे. चार ग्रामसंघांच्या सह्या झाल्या. ज्यांच्या राहिल्यात त्यांनी येत्या गुरुवारच्या आत शिक्क्यासह आणून द्याव्यात, आणि मुलींची नावं, शाळा आणि मार्क सोबतच्या कागदावर लिहावेत. अंगठा असला तरी चालेल.